वाऱ्याचा कायदा मानणारा अ‍ॅडमिरल

खुर्चीवरून उतरलेल्या माणसाने पुढे काय करायचे, हा आपल्याकडे जरा नाजूक प्रश्न आहे. न्यायाधीश निवृत्त होतात, मामलेदार निवृत्त होतात, हेडमास्तर निवृत्त होतात. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ मिळते, चार भाषणे होतात, उरलेले आयुष्य सुखासमाधानात जावो अशा शुभेच्छा मिळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या माणसाच्या लक्षात येते की, आता आपल्या सहीवाचून कोणाचेच काही अडत नाही! मग कोणी देवळाचे ट्रस्टी होतात, कोणी सोसायटीचे सेक्रेटरी होऊन जुन्या खुर्चीची हौस भागवून घेतात. बाकीचे वर्तमानपत्राची घडी मोडता मोडता जुन्या हुद्द्याच्या आठवणी काढतात. यात वावगे काही नाही. आयुष्यभर राबलेल्या माणसाला विसाव्याचा हक्क आहेच.

पण एखादा माणूस असा निघतो की, हुद्दा उतरवून ठेवल्यावरच त्याचे खरे काम सुरू होते. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी हे त्यांपैकी एक. भारतीय नौदलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख म्हणून ते १९८३ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी पंचावन्न वर्षे पूर्ण केली होती. युद्धातल्या शौर्याबद्दल वीरचक्र आणि सेवेबद्दल परमविशिष्ट सेवा पदक, असे दोन्ही सन्मान त्यांच्याजवळ होते. मुंबईत समुद्राकाठी राहून मानाने दिवस घालवणे त्यांना सहज शक्य होते. पण हा दर्यावर्दी जाऊन राहिला कुठे, तर सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णी या लहानशा गावी. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे आणि अलीकडे पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. अशा ठिकाणी बसून त्यांनी एक वेडे स्वप्न जतन केले. एका भारतीयाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे ते स्वप्न.

त्यांनी स्वतः ती प्रदक्षिणा कधी केली नाही, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण तिथेच आहे.

सवच्या माणसाला शिडाचे काय?

फलटणच्या अ‍ॅडमिरलबद्दल महाड तालुक्यातल्या सव गावच्या माणसाने का लिहावे, असे कोणी विचारील. आमचे गाव सावित्रीच्या काठी, दासगावच्या शेजारी. लोक आम्हाला ओळखतात ते गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे. नकाशावर आम्ही रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, डोंगरांच्या कुशीत. तरीही समुद्र आम्हाला परका नाही. बाणकोटच्या मुखातून आत शिरलेली भरती खाडीने वर चढत आमच्या काठाला लागते. पूर्वी भरतीबरोबर गलबते आणि मचवे थेट महाडच्या पेठेपर्यंत येत. घाटावरचा माल इथे उतरायचा आणि इथून मुंबईला जायचा. ज्याने किनारा कधी पाहिला नाही, असा आमच्याकडचा शेतकरीसुद्धा भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ सांगत असे.

या पाण्याने फक्त मालच वाहिला असे नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी याच जलमार्गाने आले. दासगावच्या बंदरात ते बोटीतून उतरले आणि तिथून महाडपर्यंत पायी गेले. कायदा शिकलेला हा बॅरिस्टर माणसाच्या हक्काचे भांडण लढायला सावित्रीच्या पाण्यावरून आला, ही गोष्ट आमच्या भागातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते.

पुढे रस्ते झाले, एस.टी. आली. १९९३ मध्ये कोकण रेल्वेची गाडी आमच्या शेजारच्या वीर स्टेशनापर्यंत पोहोचली. शिडे त्याच्या आधीच दिसेनाशी झाली होती. होड्यांना इंजिने बसली, खाडीत रेतीचा धंदा वाढला, गाळ साचत गेला. जुलै २०२१ च्या पुराने महाडची दैना केली, तेव्हापासून सावित्री म्हटले की, लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त गाळ आणि पूर उभा राहतो. ही नदी एके काळी आमची वाट होती, हे विसरल्यातच जमा आहे.

आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका वयोवृद्ध तांडेलांना मी एकदा सहज विचारले, "तात्या, खाडीत शेवटचं शीड कधी बघितलंत हो?"

"आता सन काय सांगू, गुरुजी?" ते म्हणाले, "माझी मिशी काळी होती, येवढं ध्यानात आहे."

"इंजिन आल्यावर सोपं झालं असेल ना?"

"सोपं झालं की! इंजनाला काय, तेल घातलं की झालं. शिडाला मानूस लागतो."

मनोहर आवटींच्या आयुष्याविषयी वाचताना मला तात्यांचे हे शेवटचे वाक्य पुनःपुन्हा आठवत राहिले. शिडाला माणूस लागतो. असा माणूस घडवायचा कसा, हाच प्रश्न त्या अ‍ॅडमिरलने निवृत्तीनंतर हाती घेतला होता.

जहाजावरचा न्यायाधीश

आवटींचा जन्म ७ सप्टेंबर १९२७ चा, सुरतचा. १९४५ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र होण्याआधी, ते त्या वेळच्या रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले. प्रशिक्षण इंग्लंडमध्ये झाले. पुढे संदेशवहन हे त्यांचे खास क्षेत्र बनले. १९७१ च्या युद्धात ते 'आय.एन.एस. कामोर्टा' या पाणबुडीविरोधी युद्धनौकेचे कप्तान होते. पूर्व पाकिस्तानची सागरी नाकेबंदी करणाऱ्या आपल्या पूर्व ताफ्यात विमानवाहू 'विक्रांत'च्या बरोबरीने 'कामोर्टा' बंगालच्या उपसागरात होती. त्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुखपदही त्यांनी सांभाळले.

युद्धनौकेच्या कप्तानाच्या कामाचा एक भाग आपल्याला सहसा माहीत नसतो. कप्तान हा जहाजावरचा न्यायाधीशही असतो. नौदलाच्या १९५७ च्या कायद्याने जहाजाच्या कमांडिंग ऑफिसरला आपल्या हाताखालच्या माणसांच्या ठरावीक गुन्ह्यांचा तिथल्या तिथे निवाडा करून शिक्षा देण्याचा अधिकार दिला आहे. गंभीर प्रकरण असेल, तर कोर्ट मार्शल बसते आणि त्याला कायद्याचा सल्ला द्यायला जज अ‍ॅडव्होकेट नावाचा लष्करी कायदेतज्ज्ञ हजर असतो. भर समुद्रात ना तालुका कोर्ट, ना वकील, ना पुढची तारीख. ज्याच्याबरोबर एका पोलादी डब्यात महिनोन्‌महिने राहायचे, त्याचाच न्याय करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातात आपला जीव द्यायचा. न्यायासनाचा असा अनुभव जमिनीवरच्या कोर्टात फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल.

कायदा आणि शीड यांचे नाते आपल्याकडे नवे नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त राजनीतीच्या इतर प्रकरणांबरोबर आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, ही समज त्यात स्पष्ट दिसते. गुराबा फार मोठ्या नसाव्यात आणि फार लहानही नसाव्यात, इथपासून आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, इथपर्यंतचा बारकावा त्यात सापडतो. रायगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा लोकांना याचे विशेष वाटते. ज्या राज्याची राजधानी डोंगरावर होती, त्याच राज्याने समुद्राचे नियम घालून दिले!

आवटींना हा इतिहास मनापासून प्रिय होता. भारतीयांनी आपला सागरी इतिहास आपण लिहावा, या हेतूने त्यांनी १९७८ मध्ये, म्हणजे नोकरीत असतानाच, मुंबईत मेरीटाइम हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. आपण शेतकऱ्यांचा देश म्हणून स्वतःकडे पाहतो आणि हजारो किलोमीटरच्या किनाऱ्याकडे पाठ फिरवून बसतो, ही खंत बाळगणाऱ्यांची संख्या त्या काळी फारशी नव्हती.

वाऱ्यापुढे हुद्दा चालत नाही

युद्धनौका चालवलेल्या माणसाला शिडाच्या होडीचे एवढे आकर्षण का वाटावे? हजारो अश्वशक्तीची यंत्रे ज्याच्या हुकमावर फिरली, त्याने कापडाच्या तुकड्याच्या नादी का लागावे?

त्याचे उत्तर शिडाच्या स्वभावातच आहे. यंत्र हुकूम ऐकते, वारा ऐकत नाही. वारा ज्या दिशेने येतो, त्या दिशेला शिडाची नौका थेट जाऊच शकत नाही. तिला वाऱ्याला तिरके अंग देऊन एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे नागमोडी जावे लागते. पाच मैलांवरचे बंदर गाठायला सात-आठ मैल तुडवावे लागतात. तिथे रागावून चालत नाही, हुद्दा सांगून चालत नाही. वारा पडला की, थांबायचे. वारा चढला की, वेळीच शीड आखडून घ्यायचे. जो उशीर करतो, त्याची डोलकाठी मोडते. आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम देणाऱ्या माणसाला शीड पुन्हा पहिलीच्या वर्गात नेऊन बसवते.

आणि समुद्राच्या कायद्यानेही शिडाचा मान राखला आहे. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांत साधारणपणे यंत्रावर चालणाऱ्या जहाजाने शिडाच्या नौकेला वाट द्यावी, असे म्हटले आहे. अरुंद खाडीत किंवा पाठीमागून ओलांडून जाताना अपवाद असतात. पण मूळ तत्त्व हेच. ज्याच्या हाती बळ जास्त, त्याने बाजूला व्हायचे! जमिनीवरच्या आपल्या हमरस्त्यांवर हा नियम कोणी आणला, तर किती बरे होईल, असा विचार मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला उभा राहून मी अनेकदा केला आहे.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचेही नियम आहेत. निघालात त्याच बंदरात परत यायचे. विषुववृत्त ओलांडायचे. सर्व रेखावृत्ते पार करायची. किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. सुएझ किंवा पनामा कालव्याची जवळची वाट घ्यायची नाही. म्हणजे मुंबईहून निघालेल्या माणसाने दक्षिणेला उतरून ऑस्ट्रेलियाखालून, न्यूझीलंडजवळून, दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून, आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपवरून घरी यायचे. त्या दक्षिण समुद्रात वाऱ्याला अडवायला जमीनच नाही. पश्चिमेचा वारा पृथ्वीभोवती मोकाट फिरतो आणि लाटा दुमजली-तिमजली घराएवढ्या उठतात. एकटा माणूस तिथे एका दमात रात्रभर झोपू शकत नाही. तुकड्या-तुकड्याने झोपायचे, उठून शीड पाहायचे, आकाश पाहायचे, पुन्हा पडायचे. आजारी पडला तर डॉक्टर तोच, दोर तुटला तर कारागीर तोच, आणि चूक झाली तर आरोपी तोच, न्यायाधीशही तोच.

स्वप्न एकाचे, होडी दुसऱ्याची

अमेरिकेच्या जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली. कुठेही न थांबता ती पहिल्यांदा पुरी केली ब्रिटनच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, जून १९६८ ते एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत. त्यांची ३२ फुटी 'सुहेली' ही होडी आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली होती. लाकूड आपले, सुतार आपले, आणि विक्रम मात्र दुसऱ्याचा! आपल्या लष्कराच्या इंजिनिअर दलाच्या 'तृष्णा' या नौकेने १९८५ ते १९८७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती पहिली भारतीय. पण तिच्यावर अनेक खलाशांची तुकडी होती. एकट्या भारतीयाचे नाव त्या यादीत नव्हते. आवटींना ते खुपत असे.

निवृत्तीनंतरची वीस-बावीस वर्षे त्यांनी या कल्पनेचा पिच्छा सोडला नाही. अखेर नौदलाने ती उचलून धरली आणि 'सागर परिक्रमा' हे नाव तिला मिळाले. प्रश्न आला, जाणार कोण? २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे हे मराठी अधिकारी स्वेच्छेने पुढे आले. नौका भारतातच बांधायची हे ठरलेले होते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकूड आणि फायबरग्लासची ५६ फुटी नौका आकाराला आली. इतकी मोठी समुद्री शिडाची नौका तिथे पूर्वी बांधली गेली नव्हती. गोव्याच्या जीवनदायिनी नदीवरून तिचे नाव ठेवले 'म्हादेई'. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलाच्या ताब्यात आली.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे 'म्हादेई' घेऊन मुंबईहून निघाले. नारळी पौर्णिमा होऊन दोनच आठवडे झाले होते. आपले कोळी बांधव नारळ वाहून दर्याला शांत हो म्हणतात, त्याच दिवसांत हा माणूस एकटा महासागराकडे चालला होता. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, मग फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेतले केपटाउन असे चार थांबे घेत ते मे २०१० मध्ये मुंबईला परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. तेव्हा आवटींचे वय ब्याऐंशी होते.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. स्वप्न आपले असले की, ते आपल्याच हातून पुरे व्हावे, असे प्रत्येकाला वाटते. मुलाने आपल्या मनातलीच परीक्षा द्यावी म्हणून हट्ट धरणारे बाप आपण घरोघरी पाहतो. त्यात मुलाच्या नावाने बापच परीक्षेला बसलेला असतो! आवटींनी स्वप्न दुसऱ्याला दिले, आणि ते पूर्ण देऊन टाकले. नौकेवर निर्णय घ्यायचा तो नौकेवरच्या माणसाने. किनाऱ्यावरच्याने वाट पाहायची. एका सेनापतीने हे पथ्य पाळणे सोपे नव्हे.

एका दिव्याने दुसरा दिवा

दोंद्यांच्या सफरीत किनाऱ्यावरून मदत करणारा एक तरुण वैमानिक अधिकारी होता, अभिलाष टॉमी. पुढची पायरी त्याने चढली. १ नोव्हेंबर २०१२ रोजी 'म्हादेई'तूनच तो मुंबईहून निघाला आणि कोणत्याही बंदरात न थांबता, कोणाची मदत न घेता, ३१ मार्च २०१३ ला परत आला. पाच महिने एकटा! अशी अखंड प्रदक्षिणा करणारा तो पहिला भारतीय.

मग दोंद्यांनी नौदलातल्या सहा तरुण महिला अधिकाऱ्यांना शिकवले. वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, विजया देवी, ऐश्वर्या बोड्डापती आणि पायल गुप्ता या सहा जणी 'म्हादेई'ची धाकटी बहीण शोभावी अशा 'तारिणी' या नौकेतून १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. संपूर्ण महिलांच्या भारतीय तुकडीची ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. आवटी तेव्हा नव्वदीत होते. आपण लावलेले रोप कुठपर्यंत गेले, हे पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले.

पण समुद्र हिशेब चुकता करून घेतो, हेही त्यांना त्याच वर्षी पाहावे लागले. जुलै २०१८ मध्ये 'गोल्डन ग्लोब' ही एकट्याने करायची जागतिक शर्यत सुरू झाली. १९६८ साली जी साधने होती, तेवढ्याच साधनांनिशी जायचे, असा तिचा नियम. अभिलाष तीत उतरला होता. त्याची 'तुरिया' ही नौका गोव्यात, नॉक्स-जॉन्स्टन यांच्या 'सुहेली'च्या नमुन्यावर बांधलेली. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, वादळाने नौका उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली, अभिलाषच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. त्याला उठताही येईना. तीन दिवसांनी फ्रान्सच्या एका गस्तीनौकेने त्याला उचलले. त्या तीन दिवसांत देशभर लोकांच्या जिवाला घोर लागला होता. मग ज्याने हे स्वप्न पेरले, त्या एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाच्या मनात काय चालले असेल?

दुसऱ्याला धाडसाची वाट दाखवणाऱ्याच्या डोक्यावर हे ओझे असतेच. मुलगी डोंगर चढायला निघते, मुलगा बोटीवर नोकरीला जातो, तेव्हा उंबऱ्यात उभ्या असलेल्या आईबापांनाही ते ठाऊक असते. जाऊ दिले, तर काळजी. अडवले, तर त्याच्या आयुष्यातून काहीतरी कायमचे काढून घेतल्याची टोचणी. या दोहोंत आवटींनी जाऊ देणे निवडले. त्या निवडीची किंमत काय असू शकते, हे युद्ध पाहिलेल्या त्या माणसाला कोणी वेगळे सांगायला नको होते.

अभिलाष बचावला आणि मायदेशी परतला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, नोव्हेंबर २०१८ च्या सुरुवातीला, मनोहर आवटी यांचे निधन झाले. पुढची गोष्ट पाहायला ते राहिले नाहीत. ज्याला उभे राहता येत नव्हते, तोच अभिलाष टॉमी २०२२ च्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत पुन्हा उतरला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला. आणि २ ऑक्टोबर २०२४ ला 'तारिणी'तून निघालेल्या दिलना के. आणि रूपा ए. या दोनच अधिकारी महिलांनी मे २०२५ अखेर प्रदक्षिणा पुरी करून गोव्याचा किनारा गाठला. त्यांच्या शिक्षणात अभिलाषचा वाटा होता. आवटींकडून दोंदे, दोंद्यांकडून अभिलाष आणि सहा जणी, आणि मग अभिलाषकडून या दोघी. घराण्याची गायकी एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जावी, तशी ही विद्या गेली.

खाडीकाठी बसून

महाबळेश्वरच्या जुन्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली कृष्णा पूर्वेला सातारा जिल्ह्यात उतरते, आणि सावित्री पश्चिमेला आमच्याकडे. म्हणजे आवटींचा जिल्हा आणि आमचे सव एकाच कुंडाचे पाणी पितात, असे म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की, तिकडे समुद्र नसताना एकाने समुद्राचा ध्यास घेतला, आणि आमच्या दारात समुद्र रोज दोनदा येऊन जातो, तरी आम्ही त्याच्याकडे पाहत नाही.

आमच्या भागातली मुले आज मर्चंट नेव्हीत जातात, आखातात जातात, मुंबई-पुण्याला नोकऱ्या करतात. त्यांचे कौतुकच आहे. पण खाडीकाठच्या शाळेतल्या किती मुलांना सुकाणू धरता येते? किती जणांना परबाण म्हणजे काय हे माहीत आहे? वारा कुठून येतो, ओहोटी कधी लागते, गाळाचा दांडा कुठे आहे, हे सांगू शकणारे आमच्या तात्यांसारखे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथालयात ठेवलेले नाही. ते त्यांच्या तळहाताच्या घट्ट्यांत आहे, आणि त्यांच्याबरोबरच ते जाईल.

त्यासाठी पृथ्वीप्रदक्षिणाच केली पाहिजे असे मुळीच नाही. पावसाळा सरल्यावर एखादी लहानशी शिडाची होडी खाडीत उतरवायची, शाळेतली चार मुले-मुली घ्यायची, सुकाणूवर तात्यांना बसवायचे, आणि आपण काठावर उभे राहायचे, एवढे कोणत्याही गावाला जमण्यासारखे आहे. निवृत्त झालेल्या आम्हा मंडळींना यात करण्यासारखे भरपूर आहे. लाइफ जॅकेटसाठी वर्गणी काढावी, पालकांची समजूत घालावी, परवानग्यांच्या कागदांवर सह्या कराव्यात. सह्यांची सवय आम्हाला असतेच!

परवा हा बेत तात्यांच्या कानावर घातला. ते बराच वेळ खाडीकडे बघत बसले. मग म्हणाले, "गुरुजी, पोरं आणा तुम्ही. पन येक सांगून ठेवतो. सुकानू त्यांच्या हातात दिल्यावर मधेच कोनी बोलायचं नाय. तुम्ही पन नाय आनि मी पन नाय."